मला जागवणारी माणसं

नोव्हेंबर १८

पोचलो एकदाचा इवाओरीला! बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरणारा मी एकटाच. उतरल्या उतरल्या बूट घोट्यापर्यंत बर्फात रुतले. ड्रायव्हर म्हणाला, बूट शहरातले दिसतात. मी म्हटलं, बूट शहरातले असले तरी पाय माझे आहेत. तो हसला, मीही हसलो. एप्रिलनंतर पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं हसलो असेन.

साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, कारखाना गावाच्या वरच्या टोकाला आहे. आवारात शिरताच वाफवलेल्या तांदळाचा असा वास आला की पोटानं आपणहून ओ दिली. थंडीचे चार-पाच महिने इथं वस्ताद धरून नऊ गडी राबतात, राहणं-जेवण तिथंच. मी दहावा. मला हेइकिची नावाच्या गड्याबरोबर स्वयंपाकघरावरची खोली दिली आहे. खालच्या चुलीचं धुराडं खोलीतूनच वर जातं, त्यामुळे भिंत उबदार असते. राजवाडा म्हणा ना!

वस्ताद तोरामात्सु सत्तरीचे आहेत. पाठ वाकलेली, पण बोटं लहान मुलासारखी मऊ. जन्मभर भिजल्या तांदळात हात घातले की ती तशी होतात म्हणे. त्यांनी मला एकच विचारलं, काही दुखणंबिखणं? मी म्हटलं, पोटाचं. रात्री जेवणानंतर गोळी घ्यावी लागते. खोटं बोललो. बोललो तर बोललो. खरं बोलून काय मिळतं ते मी पाहिलंय.

स्वयंपाकघरात ओयोनेमावशींचं राज्य. त्यांच्या हाताखाली वस्तादांची नात, कोनोमी. मी आत गेलो तेव्हा ती बाह्या दोरीनं मागे बांधून लोणच्याचे मुळे दोरीत ओवत होती. मान वर न करता म्हणाली, दार लावा, ऊब फुकट जाते. मी दार लावलं. मग पाहिलं तर मी आतच उभा होतो आणि ती हसत होती.

नोव्हेंबर २३

काम जमतंय. पहाटे साडेचारला उठायचं, तांदूळ धुवायचा, वाफेच्या मोठ्या पिंपातून फावड्यानं काढायचा, कापडावर पसरून धावत धावत बुरशी धरवायच्या उबदार खोलीत न्यायचा. त्या खोलीत रात्रभर दर दोन तासांनी कोणीतरी भात हलवायला लागतो. ती रात्रीची पाळी मी पहिल्याच दिवशी नाकारली. पोट बिघडतं म्हटलं. रात्री साडेआठला गोळी घेतो आणि नऊला आडवा.

त्यावरून रोज चेष्टा. हेइकिची माझ्या दुप्पट वयाचा, तोंडाचा पट्टा सतत चालू. मी रात्री झोपायला उठलो की म्हणतो, "काय हो कॉलेजवाले, कोंबड्यांनी बोलावलं वाटतं?" मी म्हणतो, हो, तुमची चौकशी करत होत्या. सगळे खिदळतात.

या वहीत तरी खरं लिहितो. मला फेफरं आहे. चौदाव्या वर्षापासून. माझ्या डॉक्टरांचं गणित साधं होतं. झोप कमी झाली की आकडी येते. आकडी आली की झोप मोडते. गोळी घेतली की झोप येते, पण ती झोप नव्हेच, ओल्या घोंगडीखाली पडून राहणं. सकाळी डोकं तांदळाच्या पोत्यासारखं. तरीही गोळी चुकवायची नाही, दारू नाही, सात तास झोप सोडायची नाही. यातलं एक सुटलं तर दुसरं सुटतं, आणि सगळंच सुटलं तर आकडी थांबतच नाही, माणूस त्यातच जातो. हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं होतं.

एप्रिलमध्ये वर्गातच आली. जिच्यासाठी मी तीन महिने पहिल्या बाकावर बसत होतो ती दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावर गेली. प्राध्यापकांनी मला बोलावून विश्रांतीचा सल्ला दिला. मी त्यांच्या खिडकीची काच फोडली आणि कॉलेजला कायमची विश्रांती दिली. पश्चात्ताप नाही. काच जाड होती, एवढंच.

आज कोनोमीनं माझ्या ताटात दोन तुकडे जास्त खारा मासा घातला. हेइकिचीनं पाहिलं. सगळ्या गावाला कळणार. कळू दे!

नोव्हेंबर ३०

परवा कोशिन. शहरात मी त्याचा फक्त दगड पाहिला होता, देवळाच्या कोपऱ्यात, शेवाळलेला. इथं अजून पाळतात. दर साठ दिवसांनी ती रात्र येते. माणसाच्या अंगात तीन किडे राहतात, एक डोक्यात, एक पोटात, एक पायात. त्या रात्री माणूस झोपला की ते तोंडावाटे बाहेर पडतात, वर जातात आणि याच्या पापांची चुगली करतात. मग आयुष्य कापलं जातं. म्हणून त्या रात्री सगळ्यांनी एकत्र बसायचं, खायचं, गप्पा मारायच्या, झोपायचं नाही. इथं कोणी कामात जास्त बडबडला की वस्ताद म्हणतात, राहू दे, कोशिनच्या रात्री बोल.

मी विचारलं, दिवसा झोपलं तर? मावशी म्हणाल्या, उजेडात ते बाहेर येत नाहीत, लाजतात. हेइकिची म्हणाला, आणि त्या रात्री नवरा-बायकोनी एका पांघरुणात जायचं नाही, चोर जन्मतो. मावशींनी त्याला पळी मारली. म्हणाल्या, मेल्या, तुझ्या आईबापांनी हे पाळलं असतं तर माझी साखर टिकली असती.

मी हसून सांगितलं, मी नऊला झोपणार. माझे किडे चुगली करोत. त्यांना सांगण्यासारखं भरपूर आहे.

कोणी हसलं नाही. कोनोमीसुद्धा.

डिसेंबर ३

जीभ चावली गेलीय. भात गिळताना रक्ताची चव येते.

काल रात्री नऊला गोळी घेऊन सगळे जागायला जमले होते त्या मोठ्या दालनाच्या कोपऱ्यात मी सगळ्यांच्या देखत आडवा झालो. तिथंच, मुद्दाम. दीडच्या सुमाराला आकडी आली असावी. डोळे उघडले तेव्हा सगळे माझ्याभोवती गुडघ्यांवर बसले होते. कोणी ओरडलं नाही. ती शेवटच्या बाकावरची नजरही नव्हती. मावशींनी तोंड पुसलं. वस्तादांनी माझा हात त्यांच्या मऊ हातात धरला होता. इतक्या मायेनं मला घरीसुद्धा कोणी कधी उठवलं नव्हतं.

मी ठरवलं, आता सांगून टाकू. तेवढ्यात हेइकिची कुजबुजला की त्यानं किडे पाहिले. तिघे. ते बाहेर पडताना माझं अंग असं उडत होतं जसं कोणी आतून दारं आपटतंय.

मी सांगितलं नाही.

डिसेंबर ९

मोठ्या पिंपातलं आंबवण आंबटलं. सबंध पिंप नासलं, पंधरा दिवसांची मेहनत गटारात गेली. वस्ताद पिंपाशी बराच वेळ उभे होते. माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. जेवताना फक्त माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली.

माझं डोकं फिरलं. ताट सरकवून म्हटलं, उद्याच्या बसनं जातो, माझ्या झोपेनं तुमची साके नासत असेल तर ठेवा तुमची साके! वस्ताद शांतपणे म्हणाले की साकेचं राहू दे. तुझ्या किड्यांना वाट सापडलीय. एकदा सापडली की ते साठ दिवस थांबत नाहीत, रोज रात्री जातात. पुढच्या कोशिनपर्यंत तुला जागता आलं तर वाट बुजेल. नाहीतर तू वसंत पाहणार नाहीस.

मी वर येऊन बोचकं बांधलं. जिन्यात कोनोमी उभी होती. म्हणाली, "जाऊ नकोस. मी बसेन ना तुझ्याबरोबर."

पहिल्यांदाच एकेरीत बोलली. बोचकं सोडलं.

डिसेंबर १५

सहा रात्री! सगळे झोपले की आम्ही चुलीपाशी बसतो. ती रताळी भाजते. तिची आई ती चार वर्षांची असताना वारली, झोपेत, कोशिनच्या रात्री. सकाळी आजोबांनी अंगणात नेऊन तिला सांगितलं की आई झोपली म्हणून गेली. तेव्हापासून तिला स्वतःची झोप आवडत नाही. मी तिला समुद्राच्या गोष्टी सांगतो. तिनं समुद्र पाहिलेला नाही. मी वचन दिलंय, मार्चमध्ये दाखवीन.

गोळी घेतो, पण तिच्यासमोर डुलायला नको म्हणून अर्धी. दुपारी दोन तास लवंडतो. पापण्यांवर ऊन असतं, अंगणात फावडी वाजतात, ती काय झोप! सकाळी डाव्या हाताचा अंगठा उडतो. काल वाडगा पडला. फुटला तर फुटला. झोप गेली खड्ड्यात. झोपून कोणाचं भलं झालंय?

डिसेंबर २७

काल कोनोमी आलीच नाही. तिच्या जागी हेइकिची बसला होता, हातात दोन लाकडी पट्ट्या. माझी मान पडली की कानाशी फाट्कन वाजवायचा. मी विचारलं, ती कुठंय? म्हणाला, तिची पाळी परवा.

पाळी!

स्वयंपाकघराच्या दारामागे कागद आहे. तारीख आणि नाव, तारीख आणि नाव. सगळ्यांची नावं आहेत, वस्तादांचंही. जानेवारी एकतीसपर्यंत. ही माणसं दिवसभर राबून रात्री माझ्यासाठी जागतात. कोणी येताना चिकट भाताची भाजलेली वडी आणतं, कोणी पायमोजे. जेवताना सगळ्यांसमोर मी ट्रे उलटा केला. कागद फाडला. सगळे उठले, सांडलेलं पुसलं, मला दुखावल्याबद्दल वाकून माफी मागितली.

आज दारामागे नवा कागद आहे.

डिसेंबर ३०

खिंडीत बर्फाचा कडा कोसळला. बस बंद. टेलिफोनचे खांबही आडवे झालेत. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असंच असतं, मावशी सांगतात, त्यात काय एवढं.

जायचं होतं तेव्हा गेलो नाही. कोणामुळे ते मला माहीत आहे. राग मात्र तिच्यावर येत नाही, माझ्यावर येतो.

जानेवारी ५

तांदळाच्या कोठारात लपलो. पोत्यांच्या मागे, अंगावर गोणपाट. तीन तास झोपलो असेन. खरी झोप, काळी, तळ नसलेली. एवढ्याशानं अंगठा थांबला होता.

जाग आली ती कंदिलांनी. अकराच्या अकरा जण. रागावलेले नव्हते, सापडलो म्हणून आनंदानं रडत होते. मावशींनी मला मांडीवर घेतलं आणि गालावर चिमटे काढत राहिल्या, "बाळा, जागा हो रे बाळा." कोनोमीचे डोळे सुजले होते. तिनं माझा कान पकडला आणि सकाळपर्यंत सोडला नाही.

जानेवारी ११

आज दोन आकड्या. एक नेहमीची. दुसरी दिवसा, उभ्यानं, फावडं हातात असताना. पाच वर्षांत दिवसा दोनदाच आल्या होत्या.

गोळी चुकवत नाही. आता पूर्ण घेतो. दोन घेतो. काहीच होत नाही. डोकं जडसुद्धा होत नाही.

दुपारी हेइकिची भिंतीला टेकून पेंगत होता. त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात भाताचा दाणा होता. मी पाहत असताना तो दाणा आत गेला.

जागरणानं असं दिसतं. माहीत आहे मला. दिसू दे.

जानेवारी १७

गोळी गोड लागली.

चघळून पाहिली. लहान मुलांच्या लिमलेटच्या गोळ्या. डबीभर. तीच डबी, तोच कापूस.

कोनोमीला विचारलं. लपवलं नाही तिनं. नववर्षापासून, म्हणाली. "ती खाल्ली की तू झोपतोस. ती पोटाची नाहीच, झोपेची गोळी आहे. तीच त्यांना दार उघडून देते." माझ्या गोळ्या तिनं चुलीत टाकल्या. सगळ्या. हे सांगताना तिचा चेहरा असा होता जसं तिनं मला पुरातून ओढून काढलंय.

मी इतका ओरडलो की घशातून रक्त आलं. ती ऐकत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "ओरड. ओरडताना माणूस झोपत नाही."

चूक तिची एकटीची नाही. पोटाच्या गोळ्या म्हणालो होतो मी.

जानेवारी १८

सांगितलं. सगळ्यांसमोर, जेवताना, उभं राहून. फेफरं आहे. किडे नाहीत, मेंदूचा रोग आहे. झोप नाही मिळाली तर मरेन. गोळी नाही मिळाली तर लवकर मरेन. मला झोपू द्या.

शब्दन् शब्द ऐकून घेतला. कोणी तोंड फिरवलं नाही. एप्रिलपासून ज्याला घाबरत होतो ते घडलंच नाही, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

वस्ताद म्हणाले, त्यांच्या थोरल्या भावालाही अगदी असंच होतं. त्यालाही सगळ्यांनी मिळून जागवलं. छान जगला.

मी विचारलं, किती?

म्हणाले, झोपेपर्यंत.

जानेवारी २३

खिंडीकडे निघालो. उजेडात. चालत. तालुक्याचं इस्पितळ पलीकडे आहे. मरायचंच तर माझ्या पायांनी.

दुसऱ्या वळणावर पडलो. आकडी. शुद्ध आली तेव्हा घसरगाडीवर होतो आणि कोनोमी ओढत होती. एकटी. पायात बर्फावर चालायच्या चपला, तोंडातून वाफ. तिनं वळून पाहिलं. तिच्याही डोळ्यांखाली काळं झालंय. तीही कित्येक रात्री झोपलेली नाही. तिची पाळी नसते तेव्हासुद्धा दाराबाहेर बसते, हेइकिचीनं सांगितलं.

मी विचारलं, का करतेस हे?

म्हणाली, आईला कोणी उठवलं नव्हतं.

जानेवारी २७

चार आकड्या. की पाच —

हाताला दोरा बांधलाय, दुसऱ्या टोकाला घंटी. मान पडली की वाजते. सगळे पेंगतात. मला जागवता जागवता त्यांचीच डोकी आपटतात. तांदूळ करपला आज.

मी त्यांच्यावर ओरडतो, तुम्ही झोपा तरी! हसतात. आता चारच रात्री, म्हणतात.

मी चार रात्री काढीन. चाळीस काढीन. यांना दाखवीन की मी —

जानेवारी २९

भिंतीवर दाणे चालतात.

नाही. भिंत उबदार आहे, वाफ धरते, थेंब आहेत ते.

थेंब खाली जातात. हे वर —

जानेवारी ३१

सहा वाजले. मोठं दालन. निळ्या तोंडाच्या कोशिनदेवाचं चित्र टांगलंय. मला मधोमध बसवलंय. वही घेऊ दिली. लिहिणारा झोपत नाही म्हणाले. अकरा माणसं, मध्ये शेगडी, सगळ्यांच्या पायांवर रजया.

नऊ. हेइकिची विनोद सांगतोय. शेवट विसरला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा विसरला.

साडेअकरा. ठरलं. मी झोपणार. त्यांच्या देवासमोर, त्यांच्या देखत. आकडी आली तर येऊ दे. पण झोप माझी आहे. कोनोमीच्या मांडीवर डोकं ठेवणार आणि —

ती कान पिळते. दुखत नाही आता.

एक. मावशी पडल्या. बसल्या जागी, कुशीवर. वस्तादांनी पाहिलं. उठवायला हात उचलला. तो हात तसाच खाली आला. वस्तादही —

दीड. हेइकिची. गड्यांतले दोघे भाऊ. पिंपं सांभाळणारा गडी. एकामागून एक. पन्नास रात्री माझ्यासाठी जागले ना. मी ओरडलो, उठा! मीच ओरडलो. माझं मलाच हसू —

दोन. कोनोमी शेवटची. तिची दोन बोटं माझ्या कानावर आहेत अजून. जोर गेलाय.

कोणी उरलं नाही. मला आता कोणी अडवत नाही. झोपू शकतो. डोळे मिटायचे फक्त.

मिटले नाहीत.

वस्तादांच्या ओठांवर दाणा आहे. ओला. तो चालतोय. गालावरून, कानामागून, खांबावर. दुसरा. तिसरा. मावशींच्या तोंडातून. सगळ्यांच्या —

माझ्यातून नाही. मी जागा आहे. तोंड चाचपून पाहिलं. माझ्यात कोणी नव्हतंच.

कोनोमीला हलवलं. गालावर मारलं, नावानं हाक मारली. नाही उठत. तिचेही गेले, तिघे. छपराच्या फटीतून. मी वर तोंड करून ओरडलो, सांगा! माझंही सांगा! काच फोडली, खोटं बोललो, हिला जीव लावला! जोरात सांगा! पण हिचं एक अक्षर बोललात तर —

साडेतीन. शेगडी विझली. थंडी. झोपेत सगळ्यांनी रजया डोक्यावरून घेतल्या. कोनोमीनंही. रजई वर-खाली होतेय. श्वास चालू आहे. मी पाहतोय. माझं जाकीटही घातलं तिच्यावर.

फटीतून खाली येतायत.

खांबावरून उतरले. वस्तादांच्या रजईवर फिरतात. तोंड सापडत नाही. मावशींच्या. नाही सापडत. पहाटेपर्यंत आत जायला हवं त्यांना. उजेडाला लाजतात.

उघडं तोंड एकच आहे.

कोनोमीच्या तोंडावरची रजई दूर केली तर तिकडे जातील. सगळे तिच्यातच. हात जवळ नेला होता मी. खोटं का लिहू.

नाही काढणार.

या. इकडे या. मी झोपलेलो नाही. दार उघडायला इथं कोणी झोपलेलं नाही. ओठ मिटलेत. दात आवळलेत. गुडघ्यावर आलेत. वही ओली होतेय — हनुवटी — अंगठा उडतोय, अक्षर नीट —

दात आता मी आवळत नाहीये. आपोआप — घट्ट — बरंच झालं, आता एकही आत —